खेळून आल्यावरची आंघोळ

आबांच्या काळ्या ट्रंकेतून तो चेंडू पहिल्यांदा बाहेर आला, तेव्हा आमच्या दारात जमलेल्या बायकांतली एक म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणाली होती, हे वाळूक कुणीकडचं आणलं म्हणायचं? आणि खरंच, उन्हाळ्यात नदीच्या वाळूत पिकणाऱ्या वाळकासारखाच होता तो — लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, तपकिरी कातड्याचा, शिवण उसवली तिथे जाड दोऱ्याने पुन्हा टाचलेला. त्याला एक वास होता. एरंडेलाचा, घामाचा, ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा, आणि कुठल्यातरी दूरच्या, आम्ही कधी न पाहिलेल्या ओल्या गवताचा. आज इतक्या वर्षांनी चपलांच्या दुकानापुढून जाताना कातड्याचा नुसता झुळूकभर वास आला तरी माझी पावलं अडखळतात, आणि मी पुन्हा ताडकळसच्या पुढच्या त्या आमच्या गावात, गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीत, शेणाने सारवलेल्या ओट्यावर तो चेंडू मांडीवर घेऊन बसलेली असते...

आबा म्हणजे माझे वडील. गावाच्या लेखी ते लक्ष्या. त्यांच्याहून वयाने कितीतरी लहान पोरं वेशीतून "ए लक्ष्या" अशी हाक मारत, आणि आबा — परक्या मुलखातल्या मैदानावर देशाचं नाव छातीवर लावून धावलेले आबा — "जी" म्हणून जागच्या जागी थांबत. मला ते ऐकवत नसे. मी लहानपणापासूनच तिखट. माय म्हणायची, हिच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला हाय. मी आबांना विचारी, तुम्ही थांबता कशाला? ते हसत. त्यांचं हसू मोठं होतं, पुढचे दोन दात खेळात गेलेले, आणि डावा कान वाळलेल्या बोरासारखा चुरमडलेला. गावातली माणसं त्या कानाला हसत. आम्हा घरच्यांना मात्र तो कान म्हणजे सरकारने दिलेल्या बिल्ल्याइतकाच मोठा वाटे.

त्या कानाची गोष्ट आबा फार रंगवून सांगत. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा ते पिंगळीच्या स्टेशनातून अंगावरच्या कपड्यांनिशी गाडीत बसले आणि पलटणीत भरती झाले. तिथे एकदा सरावात एक शिपाई पाय मुरगळून पडला, त्याला खांद्यावर टाकून आबा चढावर पळत गेले. ते एका साहेबाने पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मैदानावर उभं केलं. खेळाचं नाव रग्बी. आबांनी ते नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. हातात चेंडू घेऊन पळायचं, समोरच्याने कंबरेला मिठी मारून पाडायचं, आणि मध्येच दोन्हीकडच्या गड्यांनी एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, डोकी खाली घालून, एकच गठुडं होऊन रेटायचं. आबा त्या गठुड्यात दुसऱ्या फळीला असत. पुढच्या दोघांच्या मांड्यांमध्ये डोकं खुपसून रेटता रेटता तो कान घासला गेला, सुजला आणि तसाच वाळला.

"पोरी," ते मला म्हणत, "त्या खेळात शिवल्याबिगर काहीच होत न्हाई."

हे वाक्य ते इतक्या आनंदाने म्हणत, की मला वाटे ते खेळाचा एखादा नियमच सांगतायत. कलकत्त्याच्या चिखलात ते वर्षानुवर्षं खेळले. मग एके दिवशी देशाच्या संघात निवड झाली, निळी बनियन मिळाली, आणि रामेश्वराहून बोटीत बसून ते लंकेला गेले. लंकेला! आमच्या गावात तोवर लंकेला जाऊन आलेला एकटा मारुती होता. गावाने टिंगल केली — लक्ष्या शेपटीबिगर गेला अन् लंका न जाळताच परत आला. आबा त्यावरही हसत. लंकेत ते हरले होते, चांगलाच मार खाऊन हरले होते, पण सामना संपल्यावर तिथल्या गड्यांनी त्यांच्या गळ्यात हात टाकला, एका पंगतीला बसवलं, आणि कुणीतरी त्यांना बोधिवृक्षाच्या फांदीपासून वाढवलेल्या पिंपळाचं एक पान दिलं. ते पान मायने काचेमागे घालून बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी ठेवलं होतं. लंकेला ते पुन्हाही गेले, पुन्हाही हरले. मग एका सामन्यात गळ्याखालचं, खांद्याकडे जाणारं हाड मोडलं, ते नीट सांधलं नाही, आणि खेळ संपला. पुढे नोकरीही पुरी झाली, आणि आबा ती काळी ट्रंक डोक्यावर घेऊन पिंगळीच्या स्टेशनात परत उतरले.

परत आलेल्या माणसाने काय करावं? चार एकर असते तर नांगर धरला असता. आबांना एकच ध्यास होता, आणि तो त्यांनी पहिल्या महिन्यातच मायला सांगून टाकला — आपला खेळ या गावाने एकदा, फक्त एकदा, डोळ्यांनी बघावा. गावातल्या कुणालाच पटत नव्हतं की असा काही खेळ असतो. लांबट चेंडू? हाताने फेकायचा, पण पुढे फेकायचा नाही? माणसाला पाडायचं आणि भांडण नाही करायचं? पारावर बसलेले लोक म्हणत, लक्ष्यानं पलटणीत भांडी घासली असतील अन् इथं येऊन गप्पा हाणायलाय. आबांना ते लागलं होतं. त्यांच्या तोंडावर दिसत नसे, पण माय सांगायची, रात्रभर कूस बदलतात म्हणून.

तो उन्हाळा माझ्या आठवणीत अजून जसाच्या तसा तापलेला आहे. नदी आटून एका डोहापुरती उरलेली, वाळू इतकी पोळणारी की पावलं उचलून टाकावी लागत, काठच्या बाभळींच्या पिवळ्या फुलांचा उग्र-गोड वास, आणि वाळूत उकरलेले दोन झिरे — वरच्या अंगाला गावाचा, खालच्या अंगाला आमचा. ऊन कललं की आबा चेंडू काखेत मारून वाळूत उतरत. आधी आमच्या वस्तीतली पोरं आली. मग, तमाशाच बघायला म्हणून, गावातली पोरं काठावर उभी राहू लागली. त्यांच्यात पाटलांचा बाळू होता. शाळेत फारसं डोकं न चालणारा, उंच, हडकुळा, पण पळायला लागला की धोतरातली जाणती माणसंही मागे वळून बघत. एकदा चेंडू उडून त्याच्या पायाशी गेला. त्याने तो उचलला, उलटासुलटा करून पाहिला, वास घेतला — आणि जो पळत सुटला तो थेट आमच्या झिऱ्यापाशी येऊन थांबला. आबा बघतच राहिले. त्या संध्याकाळी जेवताना ते मायला पुन्हा पुन्हा सांगत होते, असा पाय म्या कलकत्त्यात पाहिला न्हाई.

दुसऱ्या दिवशी बाळू खाली आला, त्याच्यामागे बाकीचेही आले. पहिल्यांदा गावाकडची एका बाजूला आणि आमची दुसऱ्या बाजूला अशीच उभी राहिली. कुणी सांगायची गरज नव्हती. कुणीतरी म्हणालंही, वस्ती विरुद्ध गाव खेळू. आबांनी साफ नकार दिला. तसं खेळलं तर ते भांडण होईल, खेळ होणार नाही, असं सांगून त्यांनी हाताला धरधरून पोरं मिसळली आणि दंडाला चिंध्या बांधल्या — काहींना तांबड्या, काहींना पांढऱ्या. मग गठुडं बांधायला लावलं. खांद्यावर हात, गालाला गाल, डोकी एकमेकांच्या बगलेत... मी काठावर बसून बघत होते. पोरं आधी लाजली, मग हसली, मग रेटायला लागली, आणि मग कुणाचा हात कुठला हे कुणालाच कळेना. वाळूवर त्यांना आबांना लक्ष्या म्हणायची सोय नव्हती. आबांनी तसं काही सांगितलं नव्हतं, पण तालमीतल्यासारखं बाळूने त्यांना एकदा "उस्ताद" म्हटलं, आणि तेच नाव पडलं. वेशीच्या आत लक्ष्या, वाळूवर उस्ताद.

पाडायचं कसं, हे शिकवताना आबा फार कडक होत. धावत्या गड्याच्या कंबरेखाली खांदा भिडवायचा, दोन्ही हातांनी घट्ट कवळायचं, सोडायचं नाही, आणि डोकं — डोकं नेहमी बाजूला ठेवायचं, दोघांनाही इजा होऊ नये म्हणून. जमलंच तर पडताना वळायचं आणि स्वतः खाली यायचं. बाळूने हे इतकं चांगलं उचललं की आबा त्याला स्वतःच्या अंगावर धावून यायला लावत. "डोकं बाजूला, बाळू!" असं ओरडत ते वाळूत आडवे होत आणि पडल्या पडल्या हसत राहत. चेंडू पुढं फेकायचा न्हाई, मागून येणाऱ्याच्या हातात द्यायचा, हे तर ते दिवसातून इतक्यांदा सांगत की आमची शेळीसुद्धा ते शिकली असती.

खेळ सुटला की गावातली पोरं वरच्या अंगाच्या डोहात कपड्यांसकट धडाधड उड्या टाकत, डोकं बुडवून न्हात, आणि ओलेत्याने घरी जात. रोज. एकही नागा नाही. आबांना त्याचं भारी कौतुक. घरी आल्यावर ते ओट्यावर बसून पाय चोळत मायला म्हणत, बघितलंस का शिस्त? सांगावंसुद्धा लागत न्हाई. पलटणीतबी अस्संच होतं — खेळ झाला की सगळे एका नळाखाली, उघडेबंब, साबण एकाचा, टमरेल दुसऱ्याचं. आपली पोरं मात्र तशीच धुळीनं बरबटलेली घरात घुसतात, त्यांना शिकवायला पाहिजे. माय चुलीत काटकी सारायची, फुंकर घालायची, धुराने डोळे पुसायची.

मला खरं काय ते ठाऊक होतं. बाळूची बहीण मंदा माझ्या वर्गात होती. नदीवर, ती वरच्या अंगाला आणि मी खालच्या, धुणं धुताना मी तिला सहज विचारलं, तुझ्या भावाला रोज संध्याकाळी कसली गं आंघोळ लागते? तिने धुणं पिळत, अगदी साध्या सुरात, जणू भाकरी कशी करतात ते सांगावं तसं सांगितलं — तुमच्यात मिसळून आल्यावर आई घरात कशी येऊ देईल? आधी डोहात, मग मागच्या दाराला गोमूत्र शिंपडून घरात. मंदाच्या मनात काळंबेरं काहीच नव्हतं, हेच मला जास्त झोंबलं. मी तशीच धावत घरी आले, सांगूनच टाकते म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात आबांनी पुन्हा तेच सुरू केलं, शिस्त बघ, शिस्त... आणि मायने माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड मिटलं. आतल्या खोलीत ओढत नेऊन ती एवढंच म्हणाली, "त्यांचं एवढं एक राहू दे."

राहू दिलं. पण रोज संध्याकाळी आबा कौतुक करू लागले की त्या सगळ्या ओल्या पोरांचा, विशेषतः बाळूचा, मला भयंकर राग यायचा.

पावसाळा लागला, वाळू पाण्याखाली गेली, पोरं माळावर खेळू लागली. आबांनी हिय्या केला आणि ते पाटलांच्या दारात, बाहेर चपला काढून, हात जोडून उभे राहिले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सगळं गाव कामातून मोकळं असतं. वेशीजवळच्या पडीक जमिनीवर एक सामना खेळू द्या. पाटलांनी बराच वेळ सुपारी कातरली. बाळूने आतून काय हट्ट धरला कोण जाणे, पण पाटील हो म्हणाले. आबा घरी आले ते पंचवीस वर्षांचे होऊन आले. निळी बनियन ट्रंकेतून निघाली, मायने ती रिठ्याने धुतली, बाभळीवर वाळत घातली. छातीवरची अक्षरं फिकी झाली होती, पण वाचता येत होती. दोन्ही टोकांना रोवायचे बांबू आबांनी स्वतः तासले. पारावरच्या माणसांना ते स्वतः जाऊन सांगून आले, करीला या बरं, बघायला या. त्या दिवसांत आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता.

...आणि आषाढ सरता सरता रेडिओवर बातमी आली. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं. वस्तीत साखर वाटली गेली. मी आबांना विचारलं, नाव बदलल्यानं काय होतं? ते म्हणाले, आपल्या माणसाचं नाव घेऊन पोरं शिकायला जातील, आणखी काय पाहिजे. नावापायी कुणाचं घर जळेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. दोन-चार दिवसांतच गाड्या बंद झाल्या. कुठे पूल उखडला, कुठे वस्ती पेटली, अशा बातम्या पायी चालत येणारी माणसं आणू लागली. पिठाच्या गिरणीवर आमचं दळण घेईनात. कामाला बोलावणं येईना. आणि गावातली पोरं माळावर यायची बंद झाली.

आबा तरीही रोज संध्याकाळी जात. भुरभुर पावसात एकटेच, चेंडू काखेत, तासलेले बांबू रोवलेले, त्यांच्या मधोमध उभे. एकदा बाळू माळाच्या पल्याड, बांधावर येऊन उभा राहिलेला मी पाहिला. आबांनी त्याला हात केला. तो बराच वेळ उभा होता, मग वळून निघून गेला. परत येताना आबा म्हणाले, करीपर्यंत निवळंल सगळं. माय म्हणाली, निवळंल. दोघांचाही एकमेकांवर विश्वास नव्हता.

ते आले भर दुपारी. बाहेरगावची माणसं होती, आणि आमच्या गावचीही होती. चेहरे सगळे ओळखीचे नव्हते आणि सगळे अनोळखीही नव्हते. काठ्या होत्या, रॉकेलचे बोळे होते. मायने माझ्या हाताला धरलं, मी हाताला लागला तो चेंडू उचलला, आणि आम्ही मागच्या बाजूने ज्वारीत शिरलो. ताटांच्या फटीतून मला गल्लीचं तोंड दिसत होतं. तिथे आबा उभे होते. रिकाम्या हातांनी, पाय रोवून, खांदे पुढे काढून — वाळूवर गठुड्यासमोर उभे राहत तसे. ते काहीतरी बोलत होते, पण ओरड्यात ऐकू येत नव्हतं. दोन काठ्या वर गेल्या. आणि त्याच क्षणी गर्दीतून एक जण वाकून सुसाट निघाला आणि त्याने आबांच्या कंबरेत खांदा घातला. आबा उन्मळून पडले. तो त्यांच्यावर पडला, त्यांना सोडेना. काठ्या पडल्या, किती पडल्या ते मला दिसलं नाही, मायने माझं तोंड मातीत दाबलं होतं. गर्दीतून आरोळी उठली — पाटलाच्या पोरानं लोळवला, पाटलाच्या पोरानं!

तो बाळू होता.

आमच्या घरासकट वस्तीतली काही घरं जळाली. ट्रंक, बनियन, काचेमागचं पिंपळाचं पान, सगळं गेलं. पोलीस आले ते धूर विरल्यावर. आबांचं गळ्याखालचं तेच जुनं हाड पुन्हा मोडलं होतं. आम्ही शेताशेतातून पिंगळीला गेलो, आणि तिथून बैलगाडीने परभणीला मामाच्या घरी. पोळा कधी आला आणि करीचा दिवस कधी गेला, ते मला आठवत नाही. माळावर रोवलेले ते बांबू नंतर कुणीतरी गोठ्याला वापरले म्हणे.

परभणीत आबांनी एका गोदामाची राखण केली. त्यांचा उजवा हात त्यानंतर कधी खांद्याच्या वर गेला नाही. माय त्यांना सदरा घालून देई. गोदामाच्या मालकाला, शेजाऱ्यांना, कुणालाच त्यांनी सांगितलं नाही की आपण कोण होतो. मी चिडून विचारलं, तर म्हणाले, दाखवायला काय राहिलंय? मोकळ्या जागेत पोरं खेळताना दिसली की मात्र थांबत, आणि चेंडू पायाशी आला की डाव्या हाताने मागे राहिलेल्या, कुणी न विचारलेल्या बारक्या पोराकडेच टाकत. आमच्या सगळ्या गोतात बाळूचं नाव शिवीसारखं घेतलं जाई. सगळ्यांत जास्त मी घेई. एकदा असंच मी तोंड सोडलं असताना आबा हळूच म्हणाले, त्याचं डोकं बाजूला होतं.

मी तर भडकलेच. डोकं बाजूला होतं म्हणजे काय? मग त्यांनी मला, लहान पोरीला समजावतात तसं, शांतपणे समजावलं. मारायला आलेला माणूस डोकं कुठं ठेवायचं याचा विचार करत नाही. बाळूने खांदा कंबरेखाली लावला, दोन्ही हातांनी कवळलं, आणि पडताना वळून तो स्वतः खाली गेला. मग उलटून वर आला आणि वरच राहिला. काठ्या त्याच्या पाठीवर पडल्या. हाड मोडलं ते जुनंच कच्चं होतं म्हणून. "शिकवलं तसंच केलं त्यानं, रत्तीभर चुकला न्हाई," असं म्हणताना आबांचा आवाज भरून आला होता. मला ते पटलं, आणि पटूनही राग गेला नाही. ज्याने वाचवलं त्याने पुढे येऊन एकदा तरी सांगायला नको होतं का? वर्षांमागून वर्षं गेली. तो आला नाही. त्याच्या गावात तो लक्ष्याला लोळवणारा म्हणूनच मिरवला गेला असणार, असं मला वाटे, आणि जीव जळे.

तो आला त्या संक्रांतीला, ज्या संक्रांतीला अखेर विद्यापीठाचा नामविस्तार झाला. परभणीच्या रस्त्यांवर निळे झेंडे होते, फटाके वाजत होते, वस्तीवस्तीत लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. आबा तेव्हा खाटेवर होते. छातीचं दुखणं वाढलेलं, खांद्याचा सापळा झालेला. दारात एक तिशी ओलांडलेला, अकाली कानशिलं पिकलेला माणूस कागदाच्या पुड्यात तिळगूळ घेऊन उभा राहिला. मी ओळखलं नाही. आबांनी उशीवरून मान वळवली आणि म्हणाले, बाळू, आत ये की.

तो आत आला, खाली जमिनीवर बसला. मायने पाणी दिलं, ते तो घटाघटा प्यायला. बाहेर ताशा वाजत होता. मी भिंतीला टेकून उभी होते. मनात होतं, आता हा माफी मागेल, आणि मी त्याला इतक्या वर्षांचं सगळं सुनावीन. पण आबाच बोलले. अगदी सहज, पाऊसपाणी विचारावं तसं.

"त्या दिवशी घरी गेल्यावर आंघोळ केलीस का रं?"

म्हणजे आबांना ठाऊक होतं. पहिल्यापासून, त्या पहिल्या ओल्या संध्याकाळपासून ठाऊक होतं. ती शिस्तीची कौतुकं, ते पलटणीचे नळ... ते सगळं मायला आणि मला आणि स्वतःला सांगत होते, कारण आंघोळ करूनही पोरं दुसऱ्या दिवशी परत येत होती, आणि त्यांना तेवढं पुरत होतं. मी मायकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती. तिलाही ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे.

बाळू तिळगुळाच्या पुड्याकडे बघत होता. खोटं बोलला असता तरी कुणी धरलं नसतं. "केली, उस्ताद," तो म्हणाला. "आईनं पाणी काढून ठेवलं होतं. पाठ सुजली होती, तरी केली."

आबांनी त्याच्या डोक्यावर डावा हात ठेवला. "करावीच लागती," ते म्हणाले, "खेळून आल्यावर आंघोळ करावीच लागती."

बाळू तेव्हा रडला. मी रडले नाही. मला आबांचाच राग आला होता, एवढं मोठं मन असणाऱ्या माणसाचा कुणालाही येईल तसा.

होळीच्या आधी आबा गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे आम्ही त्यांना गावी नेलं, त्याच नदीकाठी, खालच्या अंगाला, आमच्या स्मशानात. चेंडू आज माझ्याकडे आहे. कपाटाच्या वर, हवा गेलेला, शिवणी सुटलेला, चपटा. माझ्या मुलांनी तो एकदा हातात घेऊन बघितला आणि परत ठेवला. त्यातला एरंडेलाचा वास उडाला आहे, मी नाक लावून पाहिलं. वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर आबा आठवले की मला आता चेंडू आठवत नाही, त्यांना पोचवलं त्या दुपारचं एक दृश्य आठवतं.

तिरडी वाळूत उतरली तेव्हा बाळू बाभळीखाली एकटा उभा होता. गावातून दुसरं कुणी आलं नव्हतं. तो पुढे झाला, खांद्यासाठी. माझा चुलतभाऊ आडवा गेला. माय म्हणाली, येऊ द्या त्याला, आणि त्याने खांदा दिला. चिता रचायला हात लावला. वारा सुटला होता, राख आणि धूर सगळ्यांच्या अंगावर आला. सगळं उरकल्यावर रीतीप्रमाणे जो तो खालच्याच अंगाच्या पाण्याकडे आंघोळीला निघाला. आमची माणसं पाण्यात उतरली. मुलंही उतरली. बाळू काठावर उभा राहिला.

चुलतभावाने पाण्यातून हाक दिली, आता भांडण नव्हतं त्याच्या आवाजात, नुसती रीत होती — पाटील, आंघोळ करून घ्या, तसं घरात कसं जाता? बाळूने नुसती नकाराची मान हलवली. मग तो वळला आणि चढ चढू लागला. सदऱ्यावर राख, खांद्यावर बांबूचा वळ, पायांना वाळू. भर दुपारी, सगळ्या पारासमोरून, तो तसाच वेशीतून आत गेला.